वाचकांचे प्रश्न : वनराईतले गोल्फ मैदान

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे गोल्फविषयी आहेत आणि चारही विदर्भातल्या गावांमधून आली आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. चारही उत्तरांत झाडे कोठे ना कोठे आहेतच, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला सर्वांत अधिक जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण जवळजवळ प्रत्येक नव्या खेळाडूला येते आणि तिच्यावर उपायही आहे.

प्रश्न : मी आरमोरी तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शिक्षक आहे. माझे मेहुणे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांच्यामुळे मला गोल्फची गोडी लागली. त्यांच्या गावाजवळच्या उघड्या मैदानावर मी बऱ्यापैकी खेळतो. परंतु गेल्या उन्हाळ्यात डोंगरातल्या झाडीने वेढलेल्या एका सार्वजनिक मैदानावर माझा खेळ पार कोलमडला. चेंडू एकदा झाडांत शिरला की त्या होलवर नऊ-दहा फटके ठरलेले. या मे महिन्यात आम्ही दोघे नालदेहऱ्याला खेळणार आहोत. मी कोणती तयारी करावी?

उत्तर : सर, नालदेहऱ्याची निवड उत्तम आहे. सिमल्यापासून सुमारे २२ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर, देवदारांच्या वनात हे मैदान आहे. व्हाइसरॉय असताना लॉर्ड कर्झन यांना ही जागा आवडली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे खेळ सुरू झाला. आपण झाडीपट्टीतले असल्यामुळे झाडांची सवय आपल्याला आहे. मात्र सागाच्या आणि देवदाराच्या वनात एक मोठा फरक आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत साग निष्पर्ण असतो आणि फांद्यांमधून आकाश दिसते. देवदार बारमाही हिरवा असतो आणि त्याच्या फांद्या थरावर थर अशा आडव्या पसरलेल्या असतात. झाडात बहुतांशी हवाच असते, तेव्हा चेंडू आरपार जाईल, असे काही खेळाडू एकमेकांना सांगतात. देवदाराच्या बाबतीत हा भरवसा अजिबात ठेवू नका. चेंडूचा व्यास जवळपास ४३ मिलिमीटर असतो आणि त्याला एक फांदी नव्हे, एकामागून एक अशा कित्येक फांद्या चुकवायच्या असतात.

आता नऊ-दहा फटके कसे होतात ते पाहू. समजा, ३८० यार्डांचे पार-४ होल आहे, म्हणजे कुशल खेळाडूने चार फटक्यांत पूर्ण करावे असे. आपण ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने (काठीने), २१० यार्ड मारले आणि चेंडू उजवीकडच्या झाडांत गेला. होल अजून १७० यार्ड दूर आहे. दोन खोडांमध्ये हातभर फट दिसते, पलीकडे ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) दिसते आणि मन तिकडे धावते. दुसरा फटका खोडाला लागून आणखी आत जातो, तिसरा फांदीत अडतो, चौथ्याने चेंडू कसाबसा फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) येतो, पाचवा ग्रीनच्या आसपास, सहावी चिप (चेंडू ग्रीनवर नेणारा छोटा फटका) आणि पटरचे (चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या क्लबचे) दोन फटके मिळून आठ होतात. मध्येच चेंडू हरवला तर दहा. त्याच जागेवरून आपण दुसऱ्या फटक्यात चेंडू आडवा काढून मोकळ्या गवतावर आणला असता, तर तिसरा ग्रीनजवळ, चौथी चिप आणि पटरचे एक किंवा दोन फटके, म्हणजे पाच किंवा सहा. झाडांत चेंडू जाण्याची किंमत खरोखर एकाच फटक्याची आहे. बाकीचे तीन-चार फटके आपण स्वतःहून भरतो. माझ्या मते वनराईतल्या मैदानावर शिकण्याची मुख्य गोष्ट हीच आहे आणि ती मनगटापेक्षा मनाला अधिक शिकवावी लागते.

चिखलात रुतलेली बंडी काढताना जाणता माणूस पुढे घर किती दूर आहे हे पाहत नाही, चाक कोणत्या बाजूने सहज निघेल ते पाहतो. झाडांत शिरल्यावर आपणही आधी ग्रीनकडे पाठ करून उभे राहा आणि मोकळ्या जागेकडे जाणारी सर्वांत रुंद वाट कोणती, ते शोधा. ती आडवी असेल, कधी चक्क मागे जाणारी असेल. ती ठरली की दुसरा विचार करायचा तो चेंडू कोठे थांबेल याचा, कारण जोर अधिक झाला तर चेंडू फेअरवे ओलांडून समोरच्या झाडांत शिरतो आणि तेच दुखणे दुसऱ्या बाजूने सुरू होते.

हा फटका मारण्याची रीत साधी आहे. पाच किंवा सहा नंबरचा आयर्न (लोखंडी पात्याचा क्लब) घ्या आणि मूठ दोन बोटे खाली धरा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू उजव्या पायाच्या जवळ ठेवावा, शरीराचा भार डाव्या पायावर द्यावा आणि हात चेंडूच्या किंचित पुढे ठेवावेत. क्लब मागे कमरेपर्यंतच न्यायचा आणि फटका मारल्यावर पुढेही कमरेपाशीच थांबवायचा. चेंडू गुडघा-कंबर उंचीने निघतो आणि जमिनीवर बराच घरंगळतो. याला पंच शॉट म्हणतात. आपल्या गावात याचा सराव सहज होईल. मोकळ्या वावरात दोन बांबू रोवा, त्यांच्यामध्ये छातीच्या उंचीवर दोरी बांधा आणि दहा-बारा पावलांवरून चेंडू दोरीखालून काढण्याचा अभ्यास करा. पुढे माणूस किंवा गुरे नाहीत याची खात्री आधी करून घ्या. ड्रायव्हरचा सराव या महिनाभरात निम्म्यावर आणून तो वेळ या दोरीला दिला, तर नालदेहऱ्याला त्याचे चीज होईल.

झाडाखाली उभे राहिल्यावर नियमांचे भानही ठेवावे लागते. क्लब फिरवायला फांदी आड येते म्हणून ती मोडणे, पायाखाली दाबून धरणे किंवा सरावाच्या फटक्यात मुद्दाम पाने झाडून जागा करून घेणे याला स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात त्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड आहे. सुटी पडलेली पाने, काटक्या आणि सुया मात्र हाताने दूर करता येतात. देवदाराच्या सुयांचा थर जाड असतो आणि त्याखाली मूळ आहे की नाही, हे वरून कळत नाही. म्हणून चेंडूपासून थोड्या अंतरावर बोटाने किंवा टीने (चेंडू ठेवण्याच्या खुंटीने) जमीन चाचपून पाहा. मुळावर जोराने क्लब आदळला तर मनगट दुखावते आणि पुढची सहल वाया जाते. मुळापासून आपोआप विनादंड सुटका मिळत नाही. तेव्हा तेथे चेंडू न खेळण्याजोगा ठरवून एक फटका दंड घेणे शहाणपणाचे आहे.

तो दंड घेतल्यावर तीन पर्याय मिळतात. जेथून आधीचा फटका मारला तेथे परत जाता येते. किंवा होल आणि चेंडू यांना जोडणारी सरळ रेषा मागे वाढवून तिच्यावर हवे तितके मागे जाता येते. किंवा चेंडूपासून दोन क्लब लांबीच्या आत, होलच्या अधिक जवळ न जाता, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडता येतो. बहुतेक जण सवयीने तिसरा पर्याय घेतात आणि दोन क्लब लांबीनंतरही दुसऱ्याच झाडाखाली उभे राहतात. चेंडू उचलण्यापूर्वी तिन्ही जागा पायी जाऊन पाहा. दाट वनात मागे जाणारी रेषाच पुष्कळदा मोकळ्यावर पोहोचवते.

चेंडू झाडांत दिसेनासा झाला तर पुढे चालू लागण्याआधी तेथूनच दुसरा चेंडू मारून ठेवावा आणि मारण्यापूर्वी ‘हा प्रोव्हिजनल (तात्पुरता) चेंडू आहे’ असे सोबत्यांना स्पष्ट सांगावे. ते न सांगता मारलेला चेंडू तत्काळ खेळातला ठरतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नसतो. शोधण्यासाठी पूर्वी पाच मिनिटे मिळत; २०१९ पासून तीनच मिळतात. काही मैदानांवर एक स्थानिक नियम लागू असतो, ज्यात हरवलेल्या चेंडूसाठी मागे न जाता दोन फटके दंड घेऊन जवळच्या फेअरवेच्या कडेला चेंडू टाकता येतो. तो लागू आहे का, हे पहिल्या टीवर (आरंभीच्या फटक्याच्या जागेवर) जाण्यापूर्वी विचारून घ्या, कारण सार्वजनिक मैदानावर मागून दुसरे गट येत असतात आणि आपल्या शोधाशोधीने सर्वांचा खोळंबा होतो.

टीवरून सगळीकडे ड्रायव्हर काढायचा हट्ट सोडा. दिल्ली गोल्फ क्लबचे लोधी मैदान झुडुपांनी इतके वेढलेले आहे की तेथे व्यावसायिक खेळाडूही पुष्कळदा ड्रायव्हर पिशवीतच ठेवतात. वरच्याच ३८० यार्डांच्या होलवर आपण हायब्रीडने (ड्रायव्हरहून आखूड, सोप्या क्लबने) १७० यार्ड, मग १५० यार्ड असे दोन सरळ फटके मारले, तर ६० यार्ड उरतात. तेथून एक फटका ग्रीनवर आणि पटरचे दोन, म्हणजे पाच. आपल्या पातळीच्या खेळाडूने पाचाला त्या होलचा पार मानावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ज्या बाजूला झाडे जवळ असतील त्याच बाजूच्या खुणेजवळ टी लावा आणि तेथून दूरच्या बाजूला नेम धरा. वाट तिरकी झाल्याने रुंदी वाढते. होल मध्येच वळत असेल तर त्या वळणापर्यंतचे अंतर आणि वळणापलीकडच्या झाडांपर्यंतचे अंतर, अशी दोन्ही विचारून घ्या. सरळ गेलेला पण लांब पडलेला फटका वळणावर झाडांतच जातो.

आणखी तीन गोष्टी. नालदेहऱ्याच्या उंचीवर हवा विरळ असल्याने येथे दीडशे यार्ड जाणारा चेंडू तेथे दहा-बारा यार्ड अधिक जातो, म्हणून पहिल्या दिवशी एक नंबर कमी ताकदीचा क्लब घेऊन पाहा. झाडांच्या आडोशाला उभे असताना वारा लागत नाही, परंतु चेंडू शेंड्यांच्या वर गेला की लागतो. तेव्हा गवत उडवून पाहण्यापेक्षा शेंडे कोणीकडे हलतात ते पाहावे. आणि सकाळी ग्रीनचा सावलीतला भाग ओलसर राहतो, त्यावर चेंडू हळू धावतो.

आपला नेम चांगला आहे पण चेंडू दूर जात नाही, अशी खंतही आपण पत्रात लिहिली आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक अगदी थोडक्यात हुकले. आणि त्या स्पर्धेत सर्वांत कमी लांब मारणाऱ्या खेळाडूंपैकी ती एक होती. वनात नेमाला किती मोल आहे, ते आपल्याला तेथे पहिल्याच होलवर कळेल.

प्रश्न : मी वरुडचा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. बंगळुरूला चुलतभावासोबत खेळलो तेव्हा स्कोअरकार्डवर ‘स्लोप १३५’ असे लिहिले होते. मला वाटले जमिनीचा उतार. भाऊ म्हणाला, नाही. मग हे काय आहे?

उत्तर : भाऊ बरोबर म्हणाला. अतिशय कुशल खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती अधिक जड जाईल, हे तो आकडा सांगतो. तो ५५ ते १५५ या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा मानला आहे. आपला हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे आपल्या खेळाची पातळी दाखवणारा आकडा, २० असेल तर २० गुणिले १३५ भागिले ११३, म्हणजे सुमारे २४ येतात. त्यात त्या मैदानाचे कोर्स रेटिंग (अतिशय कुशल खेळाडूला तेथे लागणारे अपेक्षित फटके) आणि पार यांतला फरक मिळवला की त्या दिवशी किती फटक्यांची सूट मिळेल ते कळते. झाडांनी वेढलेल्या मैदानाचा स्लोप सहसा चढा असतो, कारण कुशल खेळाडू झाडांत क्वचित जातो आणि गेला तरी एका फटक्यात निघतो. आपल्यासारख्यांना मात्र वर सरांना सांगितलेला हिशोब लागू होतो.

प्रश्न : आम्ही मंगरुळपीर तालुक्यातले शेतकरी. मुलगी दिल्लीला शिकते आणि मैत्रिणींबरोबर तिथल्या सार्वजनिक गोल्फ मैदानावर शिकायला जाऊ लागली आहे. माझ्या सासूबाई म्हणतात की हा मोठ्या लोकांचा खेळ आहे, आपल्याला परवडणार नाही. दीर म्हणतात, सार्वजनिक मैदान म्हणजे सोपे आणि दुय्यम, तिथे खेळून काही येत नाही. आपले मत काय?

उत्तर : ताई, सासूबाईंची काळजी खोटी नाही. भारतात बहुतेक गोल्फ मैदाने क्लबांची किंवा सैन्याची आहेत आणि सभासदाशिवाय तेथे प्रवेश कठीण असतो. म्हणूनच सार्वजनिक मैदानांचे महत्त्व फार आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाचे लाडो सराय येथील कुतुब गोल्फ कोर्स हे देशातले पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणून ओळखले जाते. तेथे सभासद नसलेला माणूसही शुल्क भरून खेळू शकतो. श्रीनगरचे रॉयल स्प्रिंग्ज आणि गुलमर्ग येथील मैदानही शासनाच्या पर्यटन व्यवस्थेतून चालते आणि पाहुण्यांसाठी खुले असते. खर्च आवाक्यात ठेवायचा तर सुरुवातीला पूर्ण संच घेऊ नये. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात, कमीत कमी किती हवेत याचे बंधन नाही. एक हायब्रीड, पाच, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, एक सँड वेज (वाळूतून चेंडू काढण्याचा क्लब) आणि पटर एवढे वापरलेले क्लब घेतले तर पहिले वर्ष-दोन वर्षे आरामात निघतात. चेंडूही वापरलेलेच घ्यावेत, कारण नवशिक्याचे चेंडू हरवतातच.

मोठ्या लोकांचा खेळ, या समजुतीला मोठे उत्तर खेळाडूंनीच दिले आहे. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर दुसऱ्यांची पिशवी वाहणारा कॅडी होता. एस. एस. पी. चौरसिया याचे वडील कोलकात्याच्या मैदानावर गवत राखण्याचे काम करीत. मुलगा तेथेच कॅडीचे काम करता करता शिकला आणि २०१६ व २०१७ अशी सलग दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. हे दोघे ज्या मैदानांवर शिकले ती क्लबांची मैदाने होती आणि तेथे ते कामगार म्हणून शिरले होते. आपली मुलगी शुल्क भरून, खेळाडू म्हणून, पुढच्या दाराने जाते आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते आणि सासूबाईंना ती अवश्य सांगावी.

आता दिरांचा मुद्दा. सार्वजनिक म्हणजे सोपे, हे मुळीच खरे नाही. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यात लाँग आयलंडवर बेथपेज नावाचे सरकारी उद्यान आहे. त्यात पाच गोल्फ मैदाने असून त्यांना रंगांची नावे दिली आहेत. त्यांपैकी ‘ब्लॅक’ हे मैदान १९३६ मध्ये सुरू झाले. उंचसखल जमीन, कडेला झाडी, खोल वाळूचे बंकर आणि दाट गवत यांमुळे ते इतके जड आहे की पहिल्या टीजवळ एक फलकच लावलेला आहे: हे मैदान अत्यंत अवघड असून अत्यंत कुशल खेळाडूंनीच येथे खेळावे, अशी आमची शिफारस आहे. तेथे गाडीत बसून फिरता येत नाही, अठराही होल पायी चालावे लागतात. तरीही सामान्य लोक तेथे खेळायला मिळावे म्हणून आदल्या रात्री मोटारीत झोपून रांगेत थांबतात. २००२ मध्ये यूएस ओपन तेथे झाली. सरकारी मालकीच्या मैदानावर ती स्पर्धा होण्याची ती पहिलीच वेळ होती. टायगर वुड्स ती जिंकला आणि चारही फेऱ्या मिळून पारपेक्षा कमी फटके घेणारा तो एकटाच होता. त्यानंतर २००९ मध्ये यूएस ओपन, २०१९ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप आणि २०२५ मध्ये रायडर कपही तेथेच झाला. ज्या जमिनीवर जगातले अव्वल खेळाडू घाम गाळतात, त्याच जमिनीवर दुसऱ्या दिवशी एखादा शाळाशिक्षक किंवा नळकारागीर शुल्क भरून खेळू शकतो. क्रिकेटचे भव्य स्टेडियम आपल्यासाठी असे उघडे होत नाही.

मुलीला एवढेच कळवा की सार्वजनिक मैदानावर गर्दी असते, म्हणून वेळ आधी नोंदवावी, आपल्या वेळेच्या बरेच आधी पोहोचावे, फटक्याने निघालेला गवताचा तुकडा परत जागेवर दाबावा आणि बंकरमधली पावले दाताळ्याने सारखी करावीत. ज्या खेळाडूला हे अंगवळणी पडते, त्याला अनोळखी गटही आपल्यात सामावून घेतात.

प्रश्न : आम्ही सिंदेवाही तालुक्यातले चार मित्र. मोठ्या बाबांचे बरड पडीत वावर आहे, त्यात आम्ही चार होल केले आहेत. एका बाजूला सागाचे जंगल आहे. चेंडू तिकडे गेले की वाळल्या पानांत सापडत नाहीत. पाने हलवली तर दंड लागतो का? आणि होल, ग्रीन वगैरे नीट कसे करावे?

उत्तर : मित्रांनो, तुमचा उत्साह मला फार आवडला, परंतु पानांच्या आधी माणसांचे आणि जनावरांचे बोलू. सिंदेवाही-ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघाचा वावर आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला बाया-माणसे जंगलात वाकून बसलेली असतात आणि नेमक्या त्याच वेळी उन्हाच्या तडाख्याआधी खेळून घ्यावे असे तुम्हाला वाटणार. गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमपर्यंत वजनाचा आणि कठीण असतो. डोक्याला लागला तर जीव जाऊ शकतो. मैदानावर ‘फोर’ असे ओरडतात, पण मोह वेचणाऱ्या आजीला ते काय कळणार? ‘चेंडू आला, डोकं सांभाळा’ असेच मोठ्याने ओरडा. आणि त्याहून बरे म्हणजे होलची मांडणीच बदला. नवशिक्याचा चेंडू उजव्या हाताने खेळताना बहुधा उजवीकडे वाहवतो. तेव्हा जंगल डाव्या हाताला किंवा पाठीशी राहील, उजवीकडे कधीही राहणार नाही, अशा दिशेने टी आणि होल ठेवा. जंगलात गेलेला चेंडू गेला असे समजा; दिवस मावळताना किंवा एकट्याने तो आणायला मुळीच जाऊ नका. वनविभागाच्या हद्दीतले एक झुडूपही जागा करण्यासाठी तोडू नका.

वावरातच, बांधावरच्या सागाखाली पडलेल्या पानांचे म्हणाल, तर नियमात एक बारकावा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. सागाचे वाळले पान हातभर लांब असते, कडा वर वळलेल्या असतात आणि चेंडू त्याच्या द्रोणात किंवा खाली अलगद शिरतो. चेंडू शोधताना पाने चाळवताना तो चुकून हलला तर दंड नाही. होता तेथे, अंदाजाने, परत ठेवावा. पण चेंडू सापडल्यावर त्याला टेकलेले पान तुम्ही बाजूला केले आणि त्यामुळे चेंडू हलला, तर एक फटका दंड लागतो आणि चेंडू परत जागेवर ठेवावा लागतो. म्हणून चेंडू दिसला की आधी पान कोठे टेकले आहे ते पाहा. पान देठाकडून उचलले की चेंडूखालचा आधार निसटतो. चेंडूपासून दूरची कड धरून हळूच वर उचलले तर बहुधा चेंडू जागचा हलत नाही. तरीही शंका असेल तर पान तसेच राहू द्या आणि पानासकट फटका मारा.

पाने हाताने चाळवू नका, क्लबच्या टोकाने लांबून चाळवा. घोणस वाळल्या पानांत बेमालूम मिसळून जाते आणि फुरसे तर त्याहून लहान. चेंडूजवळ विषारी साप असेल किंवा आग्या मोहोळ उठले असेल तर नियमानेही विनादंड दूरच्या सुरक्षित जागेवरून खेळता येते. साप चावलाच तर चिरे पाडणे, बांधणे, मंत्रतंत्र यांत क्षणही न घालवता सरळ ग्रामीण रुग्णालय गाठावे.

होलचा नियमाचा व्यास १०८ मिलिमीटर आणि खोली किमान १०२ मिलिमीटर आहे. ओलिताच्या ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा जवळपास त्याच मापाचा भरतो. तो जमिनीच्या पातळीपासून अंगठाभर खाली बसवा, म्हणजे चेंडू त्याच्या काठाला आपटून उडणार नाही. बरड जमीन तुमच्या पथ्यावर पडली आहे, कारण काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि चेंडू त्यांत गडप होतो. गवताचे ग्रीन उन्हाळ्यात जगवायला पाणी फार लागते आणि ते पाणी वावरातल्या पिकाचे आहे, तेव्हा तो विचार नको. कोरड्या प्रदेशांत वाळूचे ग्रीन करतात, त्यालाच ब्राऊन म्हणतात. सात-आठ पावले व्यासाचा गोल खुरपून सपाट करा, मुरूम धुम्मसने ठोकून बसवा, वर चाळलेल्या बारीक वाळूचा पातळ थर द्या आणि प्रत्येक खेळानंतर ओले पोते त्यावरून ओढा. वाळू बसावी म्हणून काही ठिकाणी जुने इंजिन ऑइल ओततात. ते करू नका, ती जमीन मोठ्या बाबांना पुढे पेरायची असेल.

वावराचा कच्चा नकाशा काढून पाठवा. त्यात जंगलाची बाजू, उतार, विहीर, पांदण आणि मधली झाडे दाखवा, पावलांनी मोजलेली अंतरे लिहा, म्हणजे चारही होलची नवी मांडणी पुढच्या अंकात आखून देता येईल.